कॅलेंडरावरचे ठिपके

आमच्या घरातली तीन वर्षांची कॅलेंडरं सध्या रत्नागिरीच्या दवाखान्यात एका फायलीत लावलेली आहेत. त्यांवर गॅस कधी लावला, गाय कधी व्यायची, चतुर्थी कधी, असं सगळं आमचंच लिहिलेलं आहे. डॉक्टर लोकांना ते काय कामाचं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं असतं. म्हणून हे लिहून ठेवते.

मी चौथीपर्यंत शिकले. आमचं गाव बुरोंडीच्या वर, डोंगराच्या अंगाला. वही माझ्या मुलीची, मनीषाची आहे. लग्न होऊन गेली तेव्हा तिची अर्धी कोरी वही घरात राहिली होती. कुणाला दाखवायची म्हणून लिहीत नाही. पण माझ्यासारखं मशीन दुसऱ्या कुणाच्या छातीत बसलं आणि तिच्या हाती ही वही लागली, तर तिनं वाचावी. ती बहुतेक माझ्याइतकीच गप्प असेल.

पडले तो दिवस

सहा वर्षं झाली. वैशाखात मागीलदारी काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. त्या परतायला वाकले आणि उठताना डोळ्यांपुढं सगळं पिवळं झालं. पुढचं आठवतं ते मनीषाचं रडणं आणि तोंडावरचं पाणी. माझ्या पाठीला काजूच्या बिया रुतल्या होत्या आणि मला त्याचीच चिंता, की बिया पायाखाली जातायत.

हे तेव्हा मुंबईत एका सोसायटीत वॉचमन होते. मनीषानं शेजारच्यांची रिक्षा करून मला दापोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागद काढला. कागद बघून ते जरा थांबले आणि मग माझा हात धरून घड्याळाकडे बघत बसले. मी लाजेनं मान खाली घातली. परपुरुषानं इतका वेळ हात धरलेला मला ठाऊक नव्हता.

ते म्हणाले, "मावशी, तुमचं हृदय फार सावकाश चालतंय. आज रत्नागिरीला जायचं."

मी म्हटलं, "उद्या गेले तर चालेल का? बिया उन्हात आहेत."

ते हसले नाहीत. त्यावरून मला कळलं की हे मोठं आहे.

शेजारचा पलंग

रत्नागिरीच्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या पलंगावर आंजर्ल्याच्या कुसुमताई होत्या. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या. त्यांचंही माझ्यासारखंच दुखणं. दोघींना एकाच आठवड्यात मशीन बसायचं होतं.

मला सगळ्यात मोठी भीती ऑपरेशनची नव्हती, साडी उतरवायची होती. सिस्टरनी हिरवा झगा दिला, मागून नाड्या बांधायचा. मी तो हातात धरून बसून राहिले. कुसुमताई म्हणाल्या, "घाल गो. इथं कोण तुला बघायला आलंय? डॉक्टरला आपण दोघी म्हणजे बंद पडलेले दोन पंप." आणि स्वतःची चादर माझ्यापुढं पडद्यासारखी धरून उभ्या राहिल्या. हाताला सुई टोचलेली, तरी तशाच उभ्या.

ऑपरेशनला मला पूर्ण झोपवलं नव्हतं. खांदा बधिर केला होता. तोंडावर कापड होतं, त्यामुळे दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस दुसऱ्याला विचारत होता, आज डब्यात काय. दुसरा म्हणाला, बांगड्याचं तिखलं. मला एकदम बरं वाटलं. ज्यांना डब्याची आठवण येते, त्यांना माझी काळजी फार वाटत नसणार, म्हणजे मी मरत नाही.

डाव्या खांद्याखाली, साडीच्या पदरात झाकेल अशा जागी, काडेपेटीएवढं मशीन बसलं. त्यातून एक वायर आत हृदयात गेली. मला कळलं ते एवढंच, की हृदय विसरलं तर मशीन त्याला आठवण करून देतं.

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंचंही झालं. वॉर्डात परत आणल्यावर पहिलं बोलल्या ते असं, "आता आपण दोघी मशीनवाल्या. एसटी बंद पडली तर ड्रायव्हर आपल्यालाच जोडील."

घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, वायर सरकेल. एक छोटं कार्ड दिलं. त्यावर मशीनचा आणि वायरीचा नंबर. "हे जपून ठेवा," म्हणाले. कार्डाच्या पाकिटावर कुसुमताईंनी त्यांच्या सुनेचा फोन नंबर लिहून दिला. "मला फोन वापरता येत नाय. सूनबाईला कर, ती देईल," म्हणाल्या.

जपून ठेवलं

आमच्याकडे जपून ठेवायचं म्हणजे देव्हाऱ्यात. कार्ड तिथंच गेलं. मुंबईची नोकरी सोडून हे माझ्यासाठी घरी आले होते. म्हणाले, बागेत लक्ष घालीन, तुझ्याजवळ असेन. त्या दसऱ्याला यांनी कोयती, पंप, स्कूटर धुऊन ओळीनं मांडली. मी विळी ठेवली. मग मनात आलं, मशीन तर माझंही आहे. कार्ड त्या ओळीत ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं.

ते बघून हे म्हणाले, "मशीनची पूजा करायची तर तुलाच पाटावर बसवायला हवी."

"बसते. पण मग पंपासारखं पाण्यानं धुवू नका," मी म्हटलं.

आम्ही दोघंही हसलो. पुढं दर दसऱ्याला ते कार्ड पंप आणि विळीच्या मधे बसत राहिलं.

पण एक गोष्ट मी यांना सांगितली नव्हती. मशीन बसून विसावा दिवस असेल. मनीषाला पन्हं हवं होतं आणि साखरेची मोठी बरणी वरच्या फळीवर. घरात कुणी नव्हतं. मी स्टुलावर चढले आणि दोन्ही हातांनी ती बरणी उतरवली. हात वर गेल्यावर आठवलं. खांद्यात काहीतरी ओढल्यासारखं झालं. बरणी खाली ठेवून मी कितीतरी वेळ तशीच बसले. काही झालं नाही. मग मी कुणाला बोलले नाही.

पहिली दोन वर्षं तपासणीला रत्नागिरीला गेले. तपासणारे छातीवर एक चपटी वस्तू ठेवत, कॉम्प्युटरमध्ये रेघा बघत आणि म्हणत, छान चाललंय. काही त्रास? मी म्हणे, बरी आहे. आणि मी खरोखर बरी होते.

ठिपके

तिसऱ्या वर्षी एका सकाळी धुण्याच्या दगडावर चादर आपटत होते. एकदम पाय कापसाचे झाले. दोन-तीन श्वासांएवढंच. मग परत ठीक. मी दगडाला धरून उभी राहिले आणि पहिलं मनात आलं ते साखरेच्या बरणीचं.

मला वाटलं, वायर सरकली. मी सरकवली.

हे मी कसं सांगू, ते कुणाला कळेल की नाही माहीत नाही. हे माझ्यासाठी नोकरी सोडून आलेले. एवढे डॉक्टर, एवढ्या सिस्टर माझ्यामागे राबलेल्या. एवढी साधी एक गोष्ट सांगितली होती, हात वर नेऊ नका, आणि मी पन्ह्यासाठी ती मोडली. आता जाऊन म्हणायचं, तुमचं मशीन मी बिघडवलं. माझ्या तोंडून ते निघेना. मनीषाचं लग्न ठरत होतं. सासरच्यांना कळलं, की आई अशी धडपडते, तर ते काय म्हणतील, तेही होतंच.

पण किती वेळा होतं हे मला स्वतःला ठाऊक असावं असं वाटलं. कॅलेंडरला दोऱ्यानं पेन बांधलेलं असतं. चक्कर आली की मी त्या तारखेच्या कोपऱ्यात बारीक ठिपका द्यायला लागले. पडले तर ठिपक्याभोवती गोल. बायका कॅलेंडरवर ठिपके कशाचे देतात हे घरातल्या पुरुषांना माहीत असतं आणि म्हणून ते कधी विचारत नाहीत. माझं ते सगळं मशीनच्या आधीच संपलं होतं. पण ते यांना मी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, माझं दुखणं लपून राहिलं.

पहिल्या वर्षी ठिपके थोडे होते. दुसऱ्या वर्षी वाढले. गौरीच्या दिवशी एक गोल आहे. त्या दिवशी मी वड्यांचं पीठ मळताना बसल्या जागी कलंडले. सगळ्यांना वाटलं उपासानं झालं. गावच्या डॉक्टरांकडे एकदा गेले तर त्यांनी अशक्तपणाची बाटली लावली. मशीनचं मी सांगितलं नाही आणि पदराखालचं त्यांना दिसलं नाही.

रत्नागिरीची तपासणी मी बंद केली. यांना खोटं सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, आता यायची गरज नाय."

"बघ. म्हटलं होतं ना मी, एक नंबर मशीन आहे," हे म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता.

वर्ष संपलं की जुनी कॅलेंडरं मी उलटी करून फळीवर डब्यांखाली घालते. ठिपके डब्यांखाली जात होते.

फोन

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी दुपारी फोन वाजला. कुणा मुलीचा आवाज. दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागातून बोलतेय म्हणाली. नाव श्रद्धा.

"मावशी, तुम्हाला आपल्याकडे पेसमेकर बसवला होता. आता कशा आहात?"

"बरी आहे."

"चक्कर, पडणं, दम लागणं असं काही?"

मी फोन हातात धरून चुलीकडे बघत होते. चुलीसमोर त्याच आठवड्यात मी चक्कर येऊन गुडघ्यावर बसले होते.

"बरी आहे," मी परत म्हटलं.

"छान. मग मी 'तक्रार नाही' असं लिहिते. कार्डावरचा वायरीचा नंबर सांगता का? फायलीतल्याशी जुळवून बघायचाय."

मी देव्हाऱ्यातून कार्ड आणलं. पाच दसऱ्यांचं हळदकुंकू आणि तेलाचा हात. नंबराच्या जागी लाल डाग. हे चष्मा लावून, उजेडाकडे धरून वाचायला लागले. "तीन आहे की आठ आहे, ते आता देवीलाच विचारायला हवं," ते फोनमध्ये म्हणाले. पलीकडे श्रद्धा हसली.

"राहू दे काका. आमच्या फायलीत स्टिकर आहे."

मी फोन घेऊन हळूच विचारलं, "हे कशाला विचारतेस गो? काही चुकलं का?"

"नाही मावशी. ज्यांना ज्यांना मशीन बसली त्यांच्या जुन्या फायली काढतोय आम्ही. कुठली मशीन, कुठली वायर माणसाच्या अंगात कशी टिकते ते बघायला. पुढच्या पेशंटना कुठली बसवायची ते त्यावरून ठरवता येईल. पण अडचण काय होते, जे परत येत नाहीत त्यांच्या फायलीत काहीच नसतं. आणि काही नाही म्हणजे ठीक आहेत, असं दिसतं. म्हणून फोन करून विचारतोय."

फोन ठेवला. हे कलमांना पाणी द्यायला गेले. मी चुलीपाशी बसले. भात उतू गेला तरी उठले नाही.

आजवर कुणी कशी आहेस विचारलं की मी बरी आहे म्हणत आले. गावात सगळेच म्हणतात. विचारणारा पुढं निघून जातो, कुणाचं काही बिघडत नाही. पण या वेळी ते लिहिलं गेलं होतं. माझ्या "बरी"वरून दुसऱ्या कुणाच्या तरी छातीत वायर जाणार होती.

कुसुमताई

मला कुसुमताईंची आठवण झाली. पहिल्या वर्षी दोनदा बोलणं झालं होतं, मग राहून गेलं. वाटलं, त्यांना विचारावं, तुम्हाला असं होतं का. त्यांना नसेल होत, तर माझी बरणीच खरी. पाकिटावरचा नंबर लावला. सुनेनं उचलला.

"आई गेल्या," ती म्हणाली. "गेल्या वर्षी, शिमग्यानंतर. न्हाणीत पडल्या. डोक्याला लागलं."

मी विचारलं, "चक्कर यायची त्यांना?"

"यायची की. मधे मधे बसायच्या धरून. पण सांगायच्या नायत. म्हणायच्या, मशीनवाली बाई हाय मी, मला काय होतंय."

"दवाखान्यात कळवलंस?"

"त्यांना कशाला? माणूस गेलं. वयानं गेल्या, सगळे म्हणाले." मग म्हणाली, "परवा त्यांचा फोन आला होता खरा. मी मासे विकायला बसले होते. पोरानं उचलून, आजी नाय घरात, असं सांगून ठेवला."

दवाखान्याच्या कागदावर कुसुमताई अजून बऱ्या होत्या. घरात नव्हत्या, एवढंच.

त्यांनी माझ्यापुढं चादर धरलेली मला दिसत होती. मी उठले आणि फळीवरचे डबे एकेक करून खाली ठेवायला लागले.

यांना सांगितलं

हे आत आले तेव्हा मी जमिनीवर बसले होते. भोवती डबे, पुढ्यात तीन कॅलेंडरं. भिंतीवरचंही काढलं होतं.

"काय गो, पाहुणे यायचेत की काय? झाडायला काढलंस सगळं."

मी म्हटलं, "हे ठिपके बघा."

त्यांनी बघितले आणि तोंड दुसरीकडे केलं. "ते मला काय दाखवतेस. बायकांचं असतं ते."

"ते नाय. ते संपून सात वर्षं झाली. ही चक्कर आहे. गोल आहे तिथं पडले."

हे बसले. एकेक पान उलटायला लागले. बोटानं मोजत होते की नुसतं फिरवत होते, मला कळेना. गौरीच्या पानावर बोट थांबलं.

"मी इथं होतो," ते म्हणाले. "या दिवशी मी इथंच, पडवीत होतो."

"हो."

"तुझ्यासाठी म्हणून आलो होतो मी मुंबईहून."

मी मग बरणीचं सांगितलं. पन्ह्याचं, स्टुलाचं, सगळं. वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर सोपं झालं असतं. ते उठले, फोन घेतला, श्रद्धाचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "तूच बोल. मी बोललो तर परत मशीनची तारीफ करीन."

श्रद्धानं हॅलो म्हटल्यावर मी एवढंच म्हणू शकले, "ते 'तक्रार नाही' लिहिलंस ना, ते खोडायचं आहे."

हात वर

दुसऱ्या दिवशी गाडी करून गेलो. कॅलेंडरं मी साडीच्या पिशवीत घेतली होती. श्रद्धा मनीषाच्याच वयाची निघाली, चष्मा लावलेली. तिच्या खोलीत भिंतीला लागून फायलींचे गठ्ठे. माझी फाईल पातळ होती. पहिली दोन पानं, मग काही नाही. तिनं कॅलेंडरं टेबलावर पसरली आणि पान पान बघत राहिली.

"मावशी, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"कुणाच्या नाय. चुकलं का?"

"नाही हो." तिनं चष्मा काढून पुसला. "गॅस कधी लावला तेही आहे यात."

डॉक्टर माझ्या ऑपरेशनचेच होते, केस पांढरे झालेले. छातीवर चपटी वस्तू ठेवून रेघा बघितल्या. रेघा सरळ येत होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, उगाच आलात. पण ते कॅलेंडर बघत होते. त्यांनी विचारलं, चक्कर येते तेव्हा काय करत असता. मी म्हटलं, धुणं आपटते, पीठ मळते, दोरीवर कपडे घालते.

"म्हणजे हात चालू असतो. डावा हात वर करा बघू."

मी करेना. पाच वर्षं ज्या हातानं मला खाल्लं होतं, तो वर करा म्हणत होते. हे माझ्यामागे उभे होते. मी सगळा धीर गोळा केला आणि डॉक्टरांना बरणीचं सांगितलं. शेवटी म्हटलं, "वायर मी सरकवली. तुमची चूक नाय."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "आधी हात वर करा," म्हणाले.

मी हात वर केला. त्यांनी तो धरून थोडा मागं नेला. कॉम्प्युटरमधल्या रेघा थरथरल्या, वेड्यावाकड्या झाल्या, मग मधेच रेघच नाही. माझ्या डोळ्यांपुढं पिवळं झालं. सिस्टरनी मला धरलं.

हात खाली आल्यावर डॉक्टर माझ्यासमोर स्टूल घेऊन बसले. "वायर आतून झिजली आहे. हात हलला की तुटक तुटक चालते. साखरेच्या बरणीनं हे होत नाही. सरकायची असती तर त्याच महिन्यात सरकली असती, आणि नंतरच्या दोन तपासण्यांत जागच्या जागी दिसली आहे ती. तुमच्यामुळे झालेलं नाही हे."

मी रडले नाही. फक्त खांदे एकदम हलके झाले आणि लक्षात आलं, की डावा खांदा मी वर्षानुवर्षं उचलून धरून चालत होते.

मग मी कुसुमताईंचं सांगितलं. श्रद्धा लिहून घेत होती, ती थांबली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना वायरमुळेच झालं का, हे आता मला सांगता येणार नाही. खोटं सांगणार नाही. पण दोघींना एकाच बनावटीची वायर होती. हीच वायर असलेल्या बाकीच्या सगळ्यांना आता बोलावून घेतो. आधी त्यांना."

श्रद्धानं कुसुमताईंच्या सुनेचा नंबर घेतला. मला विचारून, कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून तिनं कुसुमताईंची ओळ बदलली. मी चौथी शिकलेली, सावकाश वाचते. नाव, गाव आंजर्ले, आणि पुढं जिथं काही नव्हतं तिथं, चक्कर येत होती, पडून मृत्यू. वाचून मी हात जोडले. कशाला जोडले, माहीत नाही. दुसरं काही सुचलं नाही.

आता

दुसरं ऑपरेशन झालं, नवी वायर घातली. ते पहिल्यापेक्षा अवघड गेलं, आठ दिवस खांदा ठणकत होता. पण साडी उतरवायची लाज या वेळी कमी वाटली. शेजारच्या पलंगावर गुहागरकडची एक बाई होती, तिला त्याच वायरीसाठी बोलावून घेतलं होतं. तीही झगा हातात धरून बसली होती. मी उठले आणि चादर धरली.

नवं कार्ड मिळालं. ते देव्हाऱ्यातच आहे. पण यांनी नंबर भिंतीवर खडूनं लिहिला, माझ्या पोथीच्या पहिल्या पानावर लिहिला, आणि दसऱ्याला म्हणाले, "कुंकू कार्डाला नको. पंपाला लाव हवं तेवढं." कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी ओळीत ठेवलं. फूल पिशवीवर वाहिलं.

घरात अजून थोडं अवघडलेलं असतं. मी जरा जास्त वेळ न्हाणीत असले की बाहेरून खोकल्याचा आवाज येतो. मी आतून म्हणते, "उभी आहे." दोन वर्षं माझ्या तोंडची खोटी खुशाली ऐकलेला माणूस आहे, त्याला वेळ लागणार. मनीषानं फोनवर आधी राग केला, मग रडली, मग म्हणाली, "आई, मला तेव्हा पन्हं नकोच होतं फारसं." मी म्हटलं, "आता सांगतेस होय."

ज्या कुणाला हे वाचायला मिळेल, तिला एवढंच सांगते. दवाखान्यातून फोन आला, तर ते आपली चूक काढायला करत नाहीत. आपलं अंग आतून काय करतं हे त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. लाज वाटली तर तारखेवर ठिपका दे. बोलता आलं नाही तर तो कागद पुढं कर.

गेल्या आठवड्यात तपासणी होती. मी भिंतीवरचं नवं कॅलेंडर गुंडाळून घेऊन गेले. एसटीत हे म्हणाले, लोकांना वाटेल आपण कॅलेंडरं विकतो. डॉक्टरांनी ते उघडलं, सहा महिन्यांची पानं उलटली. चतुर्थ्या, गॅस, मनीषाच्या डोहाळजेवणाची तारीख.

"यात तर एकही ठिपका नाही," ते म्हणाले. "मग आणलंत कशाला?"

"एकही नाही, तेच दाखवायला आणलं. नाहीतर तुम्हाला कसं कळणार?"

त्यांनी हात वर करायला सांगितला. मी केला. रेघा सरळ चालत राहिल्या. श्रद्धानं कॉम्प्युटरमध्ये लिहिलं आणि मी न विचारता माझ्याकडे वळवून दाखवलं. तक्रार नाही. तेच दोन शब्द होते.

"हे पण फायलीला लावू का, मावशी?" तिनं कॅलेंडर हातात घेऊन विचारलं.

"नको गो," मी म्हटलं आणि गुंडाळून पिशवीत घातलं. "अजून अर्धं वर्ष जायचंय."